फुकटचा उंट

१

काचेच्या पेटीचं झाकण धाकट्या मालकांनी स्वतः उचललं. शेवटच्या फेरीच्या सकाळी पेटीत फडकं फिरवायचा मान घरच्या माणसाचा, असा त्यांच्या वडिलांचा नियम होता. आत एक जुना लाकडी पट, त्यावर मांडलेला बुद्धिबळाचा एक डाव, बाजूला मेलेल्या मोहऱ्यांच्या दोन रांगा, आणि पटाखाली आडवी दाबलेली काळी रेशमी पट्टी. तिचं एक टोक पटाच्या डावीकडून बाहेर आलेलं, दुसरं उजवीकडून. संध्याकाळी हीच पट्टी पहिल्या वर्षीचे विजेते, उस्ताद, आपल्या हाताने नव्या विजेत्याच्या कपाळाला बांधायचे.

डावीकडचं टोक जरा मुरगळलं होतं. मालकांनी ते सारखं करायला हलकेच ओढलं, तर अर्धी पट्टी त्यांच्या हातात आली. त्यांनी उजवीकडचं टोक ओढलं. तिकडूनही अर्धीच आली. मधोमध कात्री चालवली होती.

"बाई," ते म्हणाले, "हे बघितलंत?"

पंचबाई पेटीच्या पलीकडे उभ्या होत्या. स्पर्धा सुरू झाली त्या वर्षापासून त्या इथल्या पंच. जिभेने फटकळ, चालीने संथ, आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या बहिणीचीही भीड न ठेवणाऱ्या. त्या बहिणीची मुलगी या वर्षी स्पर्धेत खेळत होती आणि सगळ्यांच्या पुढे होती.

"काल फेरी संपल्यावर तुम्ही निकाल घेऊन वर गेलात," मालक म्हणाले. "दालनात मागे राहिलो आम्ही पाच जण. मी, उस्ताद, त्यांच्या पत्नी, आपला समालोचक रेडिओ, आणि तुमची भाची. कात्री खेळाडूंच्या खोलीतली आहे, सकाळी बेसिनवर पडलेली मिळाली. आता मला सांगा, ही पट्टी कळकट आहे, मी कपाळाला लावून घेणार नाही, असं काल सगळ्यांसमोर कोण म्हणालं?"

"माझी भाची."

"दुपारचा डाव सुरू व्हायच्या आत मला दुसरं नाव मिळालं तर ठीक. नाहीतर तिला आज पटावर बसता येणार नाही."

न खेळता बाहेर, म्हणजे हातातोंडाशी आलेलं विजेतेपद गेलं, आणि वर जन्माचा बट्टा. पंचबाईंना हे सगळं लख्ख कळलं. आणि कळता कळताच त्यांना आत कुठेतरी बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. त्या स्वतःलाच दचकल्या.

२

खरं सांगायचं तर ही सगळी स्पर्धाच पोटदुखीतून जन्मलेली. थोरल्या मालकांचा बुद्धिबळाची घड्याळं बनवायचा कारखाना होता. उतारवयात त्यांची नजर जायला लागली. दुसऱ्यांचे डाव रंगलेले असायचे आणि यांना पट म्हणजे नुसता धुरकट चौकोन. एके दिवशी ते म्हणाले, "मला दिसत नाही ना, मग त्यांनाही दिसायला नको. बघू तरी किती शहाणे आहेत." म्हणून जगातले निवडक खेळाडू बोलावले आणि प्रत्येक जोडीला दोन डाव नेमून दिले. सकाळी जलद डाव, डोळे उघडे ठेवून. दुपारी त्याच जोडीचा दुसरा डाव, डोळे बांधून.

आता खेळाडूंपुढे रिकामा पट दाखवणारे पडदे असतात. पहिल्या वर्षी तसलं काही नव्हतं. दोघे पाठीला पाठ लावून बसायचे, डोळ्यांना काळी पट्टी, आणि खरा पट पंचबाईंपुढे. खेळाडू चाल बोलायचा, पंचबाई मोहरा हलवायच्या आणि चाल मोठ्याने परत सांगायच्या. थोरल्या मालकांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, "मोहरा आणि घर, एवढंच सांगायचं. काय मेलं, काय वाचलं, ते ज्याचं त्याने डोक्यात ठेवावं. उगाच कुणाला टेकू द्यायचा नाही."

त्या वेळी पंचबाई स्वतः चांगल्या खेळायच्या. बोलावलेल्यांतल्या निम्म्यांना त्यांनी घरी चहा पिता पिता हरवलं असतं. पण आमंत्रण आलं ते चाली सांगायचं. तेव्हापासून या दालनात कुणी सुंदर डाव जिंकला की त्या टाळी न वाजवता निकालाचा कागद पुढे ओढायच्या. गेले आठ दिवस भाची जिंकत होती, तेव्हा तर त्या कागदावरून मानही वर करत नव्हत्या.

पेटीतला डाव होता पहिल्या वर्षाचा, शेवटच्या दुपारचा. पांढऱ्याकडून उस्ताद, काळ्याकडून तो तरुण, ज्याला पुढे सगळे रेडिओ म्हणायला लागले. ऐन रंगात उस्तादांनी चाल सांगितली, "उंट, एच सहा." म्हणजे काळ्या राजाच्या अगदी उंबरठ्यावर, जिथे शेजारचं प्यादं त्याला आयता मारू शकत होतं. मोबदला काहीच नाही, उंट फुकट. रेडिओला वाटलं, ज्या अर्थी हा फुकट देतोय त्या अर्थी याला काहीतरी भयंकर दिसतंय. त्याने घाम पुसला आणि डाव सोडला.

मागाहून कळलं की उंट मारला असता तर पांढराच हरला असता. पण तोवर चालीचं नाव झालं होतं. ही चाल नव्हे, ही दहशत, असं लोक म्हणू लागले. उस्तादांनी त्या वर्षी डोळे बांधून खेळलेले सगळे डाव जिंकले होते, आणि त्यानंतर ते कुणालाच जमलं नव्हतं. या रौप्यमहोत्सवी वर्षी भाचीला जमत आलं होतं. आजचा सकाळचा जलद डाव आटोपला होता, डोळे बांधून खेळायचा एकच डाव उरला होता.

पंचबाईंनी पेटीत पुन्हा वाकून पाहिलं. पट्टी नुसती ओढून निघाली असती, पण कापलेले तुकडे परत पटाखाली घालायचे तर पट उचलायला हवा, आणि पट उचलायचा तर आधी त्यावरचे मोहरे उतरवायला हवेत. म्हणजे कापणाऱ्याने सगळा डाव उतरवून परत मांडला होता. मांडला होता सुरेख, प्रत्येक मोहरा घराच्या मधोमध. फक्त काळ्या राजाजवळचं कडेचं प्यादं पटावर नव्हतं.

"मेलेल्यांच्या रांगेत शेवटी उभं आहे बघा," मालक म्हणाले. "घाईत राहिलं असेल. चोराला कसली आली शिस्त?"

"घाईत राहिलेलं प्यादं आडवं पडतं," पंचबाई म्हणाल्या. "हे रांगेत नीट उभं आहे."

३

रेडिओ समालोचकाच्या काचेच्या खोलीत बसला होता. त्या हरण्यानंतर त्याने खेळणं सोडलं आणि दुसऱ्यांच्या खेळावर बोलणं धरलं. बोलायला लागला की बंद व्हायचा नाही, म्हणून रेडिओ.

"बाई, मीच असणार ना?" तो म्हणाला. "पंचवीस वर्षं त्या माणसाला पाण्यात पाहतोय, हे शेंबडं पोरही सांगेल."

"तू कापलीस?"

"कापायची असती तर पहिल्या वर्षीच कापली असती. आता त्यात काय राम? माझं एवढंच म्हणणं होतं की ती चाल चुकीची होती. बोललो की लोक म्हणायचे, हरलेला माणूस, जळतोय. जळत होतोच. पण चाल चुकीची होती, हेही खरं."

"मग डाव सोडलास का?"

"घाबरलो." त्याने समोरचा माइक उगाच सरळ केला. "मी काय कमी तयारीने आलो होतो? त्या दिवशी सकाळी जलद डावात मी ते कडेचं प्यादं एक घर पुढे ढकललं होतं, आणि याने उंटाने ते तिथेच मारून माझ्या राजाचं घर फोडलं. म्हणून दुपारी मी शपथ घेतली, ते प्यादं जागचं हलवायचं नाही. हलवलं नाही. आणि तरीसुद्धा तो उंट घेऊन तिथेच आला. मला वाटलं, हा माणूस आहे की कोण आहे?"

पंचबाई दाराशी थांबल्या. काहीतरी मनात आलं आणि निसटलं.

उस्तादांच्या पत्नींना सगळे वहिनी म्हणत. त्या पाहुण्यांच्या खोलीत स्वेटर विणत होत्या.

"पट्टी माझ्याच रुमालाची," त्या म्हणाल्या. "मी शिवून दिली होती, यांना टोचू नये म्हणून आतून दुहेरी. तेव्हा काय ठाऊक, सवतीलाच चोळी शिवून देतेय. सवत परवडली असती, पंचबाई. सवत कधीतरी माहेरी जाते. हा खेळ यांच्या उशाशी झोपतो."

"म्हणून कापलीत?"

"कधीच कापायला हवी होती. पण मला त्या पेटीतलं घोडं कुठलं आणि हत्ती कुठला ते कळत नाही. उतरवून परत कसं मांडणार? धाकट्या मालकांनी मात्र स्पर्धेच्या पुस्तिकेतला फोटो समोर धरून मांडलं असतं. त्यांनाही काही कमी जळत नाही. त्यांच्या वडिलांनी मुलापेक्षा या खेळाडूंचेच लाड जास्त केले."

"उस्ताद काल संध्याकाळी कुठे होते?"

"दालनात. गाडी यायची होती. जेवताना मात्र एक शब्द बोलले नाहीत," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचा टाका त्यांच्या सुईवरून सुटला.

४

उस्ताद पहिल्या रांगेत, पेटीकडे पाठ करून बसले होते. दरवर्षी ते तसेच बसत. लोकांना त्यात मोठेपणा दिसायचा.

"पेटी बघितलीत?" पंचबाईंनी विचारलं.

"मी कधीच बघत नाही. आपल्याच तसबिरीपुढे किती वेळा उभं राहायचं?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुमच्या भाचीवर आळ आलाय म्हणे. पोर गुणी आहे. पण तोंडाळ आहे हो."

"काल काय म्हणाली ती?"

"तुम्ही ऐकलं नाहीत? समोरच्याने तिला माझ्याच चालीने घाबरवायला पाहिलं. उंट आणून ठेवला तिच्या राजाच्या दारात. तिने सरळ मारला आणि डाव जिंकला. पत्रकारांनी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणते, 'कसली भीती? उंट फुकट होता, घेतला.' सगळं दालन हसलं." उस्तादही हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत आलं नाही.

भाची खेळाडूंच्या खोलीत होती. बॅग भरून पायाशी ठेवलेली.

"मावशी, तू चौकशीला आली आहेस की भेटायला?"

"चौकशीला."

"मग लिहून घे. पट्टी कळकट आहे असं मी म्हणाले. चोवीस विजेत्यांचा घाम आहे त्यात. पण मला कापायची असती तर स्टेजवर, उस्तादांच्या हातातून घेऊन कापली असती. चोरून मी केसही कापत नाही."

"पेटीतला डाव पाठ आहे तुला?"

"झोपेतून उठवून विचार."

"शेवटी काळ्याचं कडेचं प्यादं कुठे असतं?"

"जागेवर. ते पूर्ण डावात हललेलंच नाही. म्हणून तर तो उंट फुकट. प्यादं पुढे असतं तर उंटाने येता येताच ते मारलं असतं, आणि मग राजाचं दार सताड उघडं. मग चाल जबरदस्त होती." ती खांदे उडवत म्हणाली. "पण नव्हतं ना पुढे."

पंचबाई खुर्चीवरून उठल्या. मघाशी निसटलेलं आता हातात आलं होतं.

"बॅग भरून ठेवलीस तशीच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण कुठे जाऊ नकोस."

५

पाचही जण पेटीभोवती उभे राहिले. उस्तादांना मालकांनी हाताला धरून आणलं, तरी ते अर्धवट वळूनच उभे होते.

"डाव परत मांडणाऱ्याने एकच चूक केली," पंचबाई म्हणाल्या. "हे प्यादं त्याने पटावर ठेवलं नाही, मेलेल्यांत ठेवलं. विसरून नव्हे. त्याच्या लेखी ते मेलेलंच होतं. वहिनींना मोहरे ओळखता येत नाहीत, त्यांना हे जमणार नाही. मालक फोटो बघून मांडतील, आणि फोटोत प्यादं पटावर आहे. माझ्या भाचीला डाव पाठ आहे, तिच्या डोक्यात प्यादं जागेवर आहे. आणि रेडिओचं तर ते स्वतःचंच प्यादं. न हलवायची त्याने शपथ घेतली होती."

"मग राहिलं कोण?" मालकांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांची नजर उस्तादांकडे गेली.

"ज्याने ते मारलं, तो. पहिल्या वर्षी मी फक्त मोहरा आणि घर सांगायचे. 'उंट, एच सहा.' तिथे प्यादं आहे की नाही, मेलं की नाही, हे सांगायचं नाही असा हुकूम होता. घर रिकामं असो की भरलेलं, चाल ऐकायला सारखीच. एका माणसाच्या डोक्यात त्या घरात प्यादं उभं होतं, कारण त्याच दिवशी सकाळच्या डावात ते तिथे होतं. त्याला वाटलं, मी प्यादं मारतोय आणि घर फोडतोय. प्रत्यक्षात तो रिकाम्या घरात उंट फुकट देत होता. पुढे त्याची चूक त्याला कळली, आणि त्या दिवसापासून त्याने या पेटीकडे पाहिलं नाही. काल डाव परत मांडायची वेळ आली तेव्हा हातांनी डोक्यातलाच डाव मांडला."

मग उस्ताद वळले आणि त्यांनी पेटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दुपार झाली होती," ते म्हणाले, "पण माझ्या डोक्यात सकाळच राहिली होती. रात्री डाव आठवून बघितला तेव्हा कळलं. सकाळी उठून सांगणार होतो. पण तोवर वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, आणि थोरल्या मालकांनी पेटीची मापंसुद्धा दिली होती."

"आणि पट्टी?" पंचबाईंनी विचारलं.

"काल ती हसली. दालन हसलं. मला वाटलं, मलाच हसले. पंचबाई, तिला खरंच दिसतं हो, प्यादं न् प्यादं दिसतं. जे माझ्याजवळ आहे असं लोक पंचवीस वर्षं म्हणत आले, ते तिच्याजवळ आहे. आणि ती पट्टी माझ्याच हाताने तिला बांधायची होती. सगळी मंडळी कोटाच्या खोलीकडे गेली होती, मी एकटाच होतो इथे. नाही सहन झालं."

वहिनींनी विणकाम पिशवीत घातलं. "मला सांगायचंत," त्या म्हणाल्या. "मी कात्रीला धार लावून दिली असती." आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

रेडिओ पेटीवर दोन्ही हात टेकून उभा होता. "म्हणजे मी घाबरलो ते कुणाला?"

"माझ्या चुकीला."

"तुला काहीच दिसत नव्हतं?"

"तुझ्याइतकंही नाही."

सगळ्यांना वाटलं, आता हा सुटणार. माइक होता, श्रोते होते, पंचवीस वर्षांचं तुंबलेलं होतं. मालक तर घाईघाईने म्हणाले, "हे बाहेर जाता कामा नये, स्पर्धेचं नाव आहे." "जाऊ दे बाहेर," उस्ताद म्हणाले. "डाव त्याचा आहे. त्यालाच सांगू दे."

रेडिओ खुर्चीत बसला. "सांगून करू काय?" तो म्हणाला. "इतकी वर्षं रोज सकाळी उठलो की पहिला विचार याचा यायचा. त्याच्यावर जळत दिवस जायचा. जळायला काही होतंच कुठे?" त्या दुपारी समालोचन दुसऱ्या कुणीतरी केलं.

६

पंचबाई खेळाडूंच्या खोलीत गेल्या, तेव्हा भाची आधीच तिथे जाऊन बॅगेवर बसली होती.

"मालकांनी माफी मागितली," ती म्हणाली. "उस्तादांनीही. मी म्हटलं, ठीक आहे."

"बरं केलंस. घड्याळ लावायला पाचच मिनिटं आहेत."

"मावशी, एक विचारू? मालकांनी माझं नाव घेतलं असेल, तेव्हा तुला काय वाटलं?"

पंचबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खोटं बोलायला हरकत नव्हती. कुणाला कळलंही नसतं.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या.

भाची हलली नाही. "आणि आता? मी जिंकावं असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. तू चाली करतेस, मी रात्री वरच्या खोलीत त्या मांडून बघते, आणि माझ्या मनात येतं, ही खुर्ची माझी होती. रोज येतं." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पण तुला कुणी खोटं पाडून हरवावं, हेही मला नको. तू खेळावंस. बाकीचं माझं मी बघेन."

भाची उठली. ती मावशीजवळ आली, तिच्या कोटावरचा पंचाचा बिल्ला तिरका झाला होता तो तिने सरळ केला.

"आईने सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "ती म्हणायची, घरात खरी खेळाडू तुझी मावशी. मला तेव्हापासून तुझा राग यायचा. आईने माझ्याबद्दल असं कधी म्हटलं नाही."

दोघी बाहेर आल्या. पंचबाईंनी तिच्यापुढचा रिकामा पडदा तपासला, प्रतिस्पर्ध्याचा तपासला आणि घड्याळ सुरू केलं. डाव लांबला. भाचीने शेवटी एक प्यादं इतक्या शांतपणे पुढे नेलं की समोरच्याने हात पुढे केला तेव्हा काही प्रेक्षकांना तो का हरला हेच कळलं नाही. पंचबाईंना चार चालींपूर्वीच कळलं होतं. दालनात टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले. पंचबाई निकालावर सही करत बसल्या, सही झाल्यावरही जरा वेळ तशाच बसल्या, आणि मग सगळ्यांच्या मागून, उशिरा, त्यांनी टाळी वाजवली.